पुसलेल्या निळ्या रेघा

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच; कमरेने परवानगी नाकारली आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून तुम्ही डॉक्टरच बदललेत, असं कळलं. उत्तम. मी अगदी शांत आहे. सकाळपासून घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली आणि मगच लिहायला बसले.

तुमच्या भाच्याच्या लेकीचं डोकं लांबट आहे, हे तिला पाहताक्षणी तुम्हीच बोलला होतात. तुमचं बरोबर निघालं. (हे मी एकदाच लिहिणार आहे.) तान्ह्या मुलांच्या कवटीच्या हाडांमधली शिवण मोकळी असावी लागते, आपल्या चिमणीची जन्माआधीच सांधली गेली. मेंदूला वाढायला जागा हवी, म्हणून ऑपरेशन. सर्जनबाई आपल्या सूनबाईंच्या वयाच्या. आम्हाला समोर बसवून म्हणाल्या, आमची आधी तालीम होते. मी म्हटलं, तालीम? म्हणजे अजून पाठ नाही? मुलाने माझा पाय दाबला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, एवढ्याशा जिवात रक्तच वाटीभर. आत गेल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो." रक्त कमी जावं म्हणून औषध देतात, सांडलेलं एक यंत्र गोळा करतं, धुतं आणि परत तिलाच देतं. (आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनाही इतकी काटकसर जमली नसती.)

तेवढ्यात बाईंना कुणीतरी बाहेर बोलावलं. टेबलावर चिमणीच्या कवटीचा पांढरा नमुना होता, स्कॅनवरून बनवलेला, हुबेहूब तिच्या मापाचा. तिचे केस विंचरताना बोटाला लागतो तो उंचवटासुद्धा होता. आणि त्यावर निळ्या पेनाच्या रेघोट्या! आयुष्यभर बाकांवरची चित्रं पुसून मी मास्तरीण म्हणून निवृत्त झाले; माझ्या नातीच्या डोक्यावर कुणी गिरवलेलं मी चालवून घेईन? भिंतीवर हात धुवायचं सॅनिटायझर होतं, पर्समध्ये रुमाल. चिरंजीव फोनमध्ये आणि सूनबाई रडण्यात, त्यामुळे कुणी अडवलं नाही. बाई परत आल्या तेव्हा कवटी लख्ख.

त्यांनी नमुना उचलून सगळीकडून फिरवून पाहिला. हाड कुठे कापायचं, त्या खुणा होत्या हो! मुलाने कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता ऑपरेशनच रद्द. पण कॉम्प्युटरवर सगळं होतं. बाईंनी पेन काढलं आणि नमुना माझ्याच हातात दिला, "घट्ट धरा, आजी." एकेक रेघ काढत कुठून कापणार, कुठली शीर टाळणार, ते सांगत गेल्या. माझे हात इतके थरथरत होते की पेन दोनदा घसरलं. बाई हात थांबेपर्यंत थांबल्या, मग पुढची रेघ.

सूनबाईंना आशीर्वाद सांगू का तुमचे? सांगतेच.

तुमची वहिनी

ता. क. ऑपरेशन गुरुवारी. मला हॉस्पिटलात यायला मनाई झाली आहे. (मुलाने केली. तिथे मी अजून काय पुसेन, याचा त्याला भरवसा नाही.)

दुसरा ता. क. कपाटं संपली आहेत. गुरुवारी दिवसभर मी या घरात एकटी असेन. तुम्ही या. धीर देऊ नका, तो तुम्हाला जमत नाही. नेहमीसारख्या माझ्या चुका काढत बसा. मुलाकडून या पत्राचा फोटो आत्ताच तुमच्या मोबाईलवर पाठवतेय. वाचून झालं की फोन करू नका. निघा.