धोंडाबाईच्या साइटवर बर्फ

१२ मे, मंगळवार
चंपाच्या वेबसाइटवर पानं हलतात. माझ्या साइटवर काय बी हलत न्हाई. गाय हाय, ती बी उभीच. हा अन्याव हाय. एवढं सांगून झालं, आता रामराम, वहीबाई.

चंपा माझी धाकटी जाऊ. भिंतीला भिंत. भाज्याची लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी मी घरातल्या खोल्या काढल्या, माझं बघून तिनं काढल्या. आज बोअरवर पाणी भरताना म्हणाली, आक्का, तुमची साइट मोबाइलवर उघडली की भाकरी अर्धीच दिसती. मी म्हणलं, उरलेली तूच खाल्ली असशील. बोलणं बंद.

घरी येते तर लेकाचा फोन. हनुमंत देहूरोडला डेपोत नोकरीला. म्हणाला, आये, पावसाळ्याआधी खोल्या भरायला लागल्या न्हाईत तर घर लोणावळ्याच्या एजंटाला चालवायला देऊ, तू हितं राहायला ये. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी काय कबुतर हाय? ३१ तारखेला येतो, तवा ठरवू, म्हणाला.

ठराव: त्याच्या आत साइटला नवी थीम. थीम म्हणजे साइटचं लुगडं. आतली बाई तीच, नेसणं नवं. माझी मी करणार. कुणाचा हात लागू देणार न्हाई.

१३ मे
माधवीला फोन केला. नात माझी, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करती. साइट तिनंच बनवून दिलेली, जुना लॅपटॉप बी तिचाच. म्हणाली, आजी, आधी बॅकअप घे, म्हणजे सगळ्याची नक्कल, आणि ती दुसरीकडे ठेव. मग साइटची वेगळी कॉपी काढून नवी थीम आधी तिच्यावर लावून बघ. नीट दिसली तरच खऱ्या साइटवर. आणि जुनी थीम डिलीट करू नकोस हं.

मी म्हणलं, अगं, हे तर भातावाणीच झालं. बियाणं दुसऱ्या घरी, रोप आधी वाफ्यात, मग खाचरात. माझा जन्म गेला त्यात.

फोनमधून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. पुण्यात डास लय असणार. म्हणाली, आजी, रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण दोघी मिळून करू.

रविवारपर्यंत कोण थांबतंय.

१४ मे
पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला. आता दुसऱ्या घरी ठेवायचा, म्हणजे चंपाकडंच. सासूनं लावलेली रीत हाय. माझं भाताचं बियाणं चंपाच्या घरात, तिचं माझ्या घरात. एक घर जळलं, भिजलं, उंदरानं खाल्लं, तरी पेरणी चुकू नये. घरं वाटली, भांडणं झाली, पण बियाणं हाय तिथंच.

फडक्यात बांधून नेलं. बोलणं बंद असल्यामुळं फक्त म्हणलं, बी हाय.
चंपा म्हणाली, एवढंसं?
मी म्हणलं, नवी जात हाय.
आत काय हाय ते सांगितलं न्हाई. तिच्या पोटात काय राहत न्हाई.

१६ मे
साइटची कॉपी काढली. तिच्यावर नवी थीम लावली. दिसली किडमिडी. माझं नाव गाईच्या पोटावर, भाकरी आडवी.

कारण लगेच कळलं. राब भाजला न्हाई. वाफ्यात शेण, पाला, काटक्या पसरून आधी सगळं भाजून काढावं लागतं, तवा रोप जोर धरतं. न्हाई तर जुनं तण नव्याला खातं. हितं जुनी थीम खाली तशीच पसरलेली. नवीनं वर यावं कसं?

माधवी डिलीट करू नको म्हणाली व्हती. पण तिचा जन्म फ्लॅटमधला. तिनं राब कधी बघितलाय?

आणि वाफ्यात खेळत बसायला वेळ न्हाई. थेट खाचरात उतरले, म्हणजे खऱ्या साइटवर. जुनी थीम डिलीट. जुनी पानं डिलीट. मशीननं विचारलं, खात्री आहे का? पुन्हा विचारलं. भित्रं मशीन. मग विचारलं, नमुन्याचा मजकूर आणि फोटो आणू का? म्हणलं, आण बाबा, तेवढीच मदत.

१७ मे, सकाळ
आई गं! काय रूप आलंय!

वर माझं नाव. खाली बर्फाचा डोंगर, आणि त्याच्यावर खरोखर बर्फ पडतोय. चंपाची पानं हलतात, माझ्याकडं बर्फ पडतो! खाली निळंशार पाणी, पोहायला. एक गोरी बाई डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून झोपलेली. गाय अजून दिसत न्हाई. नेट हळू हाय, येईल चालत.

माधवीचा व्हिडिओ कॉल आला. उचलला न्हाई. मोठं यश पोरांना एकदम दाखवू नये, त्यांना कमीपणा वाटतो.

२१ मे
फोन थांबेना! कोण विचारतं पोहायची सोय हाय का. म्हणलं, विहीर हाय की. कोण विचारतं स्पा हाय का. म्हणलं, हाय. काय असेल ते बघू, आजवर कशाला अडलंय?
ठाण्याच्या बायकांचा ग्रुप. सगळ्या खोल्या त्यांनाच पाहिजेत. ३० तारीख पक्की. दुसऱ्या दिवशी हनुमंत येतो तवा घर गच्च भरलेलं असणार. पेढे आणून ठेवावेत.

चंपाच्या अंगणातून मुद्दाम हसत गेले. कारण सांगितलं न्हाई.

३० मे
बायका आल्या. पाठीवर टॉवेल, डोळ्यांवर काळे चष्मे, पायात पोहायच्या चपला. पहिलाच प्रश्न, मावशी, स्विमिंग पूल कुठे आहे? विहीर दाखवली. एकीनं आत डोकावून विचारलं, यात बेडूक आहेत? मी म्हणलं, आहेत की, ते पैसे घेत न्हाईत.

मग स्पा. तयारीत व्हते. पडवीत खाटा टाकल्या, हळद लावली, डोळ्यांवर काकडी ठेवली. दोघी छान पडल्या. तेवढ्यात शेळीनं दावं सोडवलं आणि एकीच्या डोळ्यावरची काकडी खाल्ली. बाई अशी किंचाळली की पलीकडच्या आळीतली माणसं जमली. मी म्हणलं, अगं, शेळीची जीभ मऊ असती. ऐकून घेईना.

एकीनं मोबाइलवर माझी साइट काढून तोंडासमोर धरली. मावशी, हे काय आहे? मी म्हणलं, ते नेसणं हाय, आतली बाई मी. तरी समजेना. शहरातले लोक शिकलेले असतात पण समजूत कमी.

सगळ्या उठून चंपाकडं गेल्या. तिच्या साइटवर विहीर दिसती ती विहीरच हाय म्हणे. हिला म्हणतात कल्पना नसणं.

पेढे मीच खाल्ले. हळदीच्या हातानं.

३१ मे
हनुमंत आला. घर रिकामं. त्यानं फोनवर साइट उघडली. बराच वेळ बर्फ पडू दिला. मग म्हणाला, आये, कपडे भर.

मी म्हणलं, थांब, माझं बी हाय चंपाकडं.

चंपाच्या दारात गेले. म्हणलं, चंपे, दे गं. तिनं फडकं सोडलं. बियाण्याला कीड लागू नये म्हणून बाईनं पेनड्राइव्हला राख फासून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. मी लय फुंकलं. तिची सून सारिका, साइटवर पानं हलवणारी, तिनं ब्रशनं साफ केलं, लॅपटॉपला लावलं आणि चहा उकळेपर्यंत बर्फ वितळला. गाय आली. भाकरी आली. मोबाइलवर अजून अर्धीच.

सारिका म्हणाली, आत्या, आमची थीम मी तर कॉपीवर आठवडाभर बघितली, मग लावली. मी म्हणलं, पद्धत माझीच हाय ती.

हनुमंत दारात उभा. पुन्हा म्हणाला, आये, चल. तशी चंपा त्याच्यावर घसरली. कुटं चल? हिचं बियाणं माझ्या घरात, माझं हिच्या घरात. एजंट राखणार हाय का माझं बी? पेरणी तोंडावर आली आणि तू म्हातारीला जिन्यावर चढवतो? साइट सारिका बघंल. फोन मी घेईन. खोल्या माझ्या भरल्या की हिच्याकडं पाठवीन. निघ आता, गाडी चुकंल.

हनुमंत गेला. एकटाच.

मी काय बोलले न्हाई. बोलणं बंद हाय आमचं.

२ जून
साइट पहिल्यासारखी. वर लाल पट्टी आलीय, नवीन अपडेट उपलब्ध. सारिकानं पासवर्ड बदलला. माझ्यावरचा भार कमी करायला, दुसरं काय.

माझा फोन बी चंपाच्या फळीवर ठेवलाय. मीच ठेवू दिला. तिला जरा काम पाहिजे, बसून बसून सुटलीय.

आता तो वाजतोय. हितवर ऐकू येतोय. ही बया कुटं उलथली?

चंपे! फोन तूच उचलायचास, मी न्हाई. आणि बर्फ विचारला तर न्हाई म्हण.