नानाच्या तारंची शपथ

५ फेब्रुवारी

रात्रभर झोप न्हाय. कालच्या क्लासात मोबाईलवर पुण्याच्या मॅडमचं तोंड उघडं ऱ्हायलं ते तसंच. वर चकरी फिरतीया, फिरतीया. आवाज तुकडं तुकडं येतोय. शौर्यानं जरा वेळ बघितलं आन डोक्यावरचं मशीन ओढून भिंतीला मारलं. फुटलं न्हाय. पण माझ्या कानात रात्रभर त्योच आवाज.

पोरगं चार वर्साचं. जन्मापास्नं बहिरं. डाव्या बाजूला ऑपरेशन करून मशीन बसवलं, आत्ता कुठं ऐकायला शिकतंय. मॅडम म्हणत्यात जे काय शिकायचं ते ह्याच वयात, मागनं डोकं आवाज धरत न्हाय. आन शिकतंय काय, तर तुटका आवाज.

वही मॅडमनी लावाय सांगितलीया. रोज काय बोलला ते पुढनं लिवायचं. हे मागनं लिवतोय ते माझं.

६ फेब्रु.

नानाच्या हापिसात फोन केला. गल्लीत केबलचं नेट त्याचंच. मागं दुसऱ्या कंपनीचा माणूस तार वडायला आलता, त्याची शिडीच गायब झाली. परत कोण आलं न्हाय.

हापिसातली पोरगी म्हणली, "लिमिट संपली वैनी तुमची."

म्हटलं अनलिमिटेड हाय न्हवं आमचं.

"अनलिमिटेडच हाय की. फकस्त ह्या महिन्यापास्नं ठराविक वापरलं की स्पीड कमी हुतंय."

म्हंजे पोटभर जेवण, पण चार घासानंतर एकेक शीत वाढणार.

संपलं कसं म्हणून इचार करत बसलो. पासवर्ड मीच अर्ध्या गल्लीला दिलाय. कोण वाटी घिऊन इरजाण मागाय आलं तर न्हाय म्हणतो का आपण? तसंच वाटलंतं.

७ फेब्रु.

आम्ही बायका नानाकडं गेलतो. सगळ्यांचीच बोंब. शेजारची शबाना ब्लाऊज शिवती, गिऱ्हाईक डिझाईन मोबाईलवर दावतंय, ते उघडंना. कुणाच्या पोराची परीक्षा. सिरियल बंद पडली हे मातूर कोण बोललं न्हाय.

नाना खुर्चीतनं उठला न्हाय. "या पावणं. पाण्याला मीटर बसला तवा काढलासा का मोर्चा?"

शबाना म्हणली, "पाणी वापरलं की संपतंय नाना. तुमची तार वापरून झिजती व्हय?"

सगळ्या हसल्या. नाना न्हाय हसला. कॉम्प्युटर फिरवून माझं नाव वाचलं. "ह्या वैनींच्या नेटच्या एका डब्यावर चौदा मोबाईल चालत्यात. असल्या लोकांमुळंच लिमिट लावाय लागली."

सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या. त्या चौदातल्याच निम्म्या.

म्हटलं, पोरगं ऐकाय शिकतंय ओ माझं.

"मग रेडिओ घ्या. त्याला लिमिट न्हाय."

घरी आलो. आत्तींनी (सासू) इचारलं काय झालं. भाकरी थापत बसलो.

१० फेब्रु.

काल तालमीत सगळी गल्ली जमली. बंडूदादा तालमीचा अध्यक्ष, औंदा नगरसेवकाला उभारणार हाय, त्यानंच बोलवलंतं. परातीत भंडारा, देवाची हळद. एकेकानं पुढं यायचं, चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आन म्हणायचं: लिमिट उठत न्हाय तवर नानाच्या तारंचं नेट घरात घेणार न्हाय, दुसऱ्याच्यातबी वापरणार न्हाय. फिरलो तर घरादाराचं वाटोळं.

मी मागंच ऱ्हायलो. पोराचा क्लास कसा व्हायचा? आत्तींनी पाठीत ढोसलं. "चौदा मोबाईल तुझ्याच डब्यावर. आता मागं ऱ्हायलीस तर गल्ली तोंडात शेण घालंल." बंडूदादा म्हणला, "वैनी, चार दिसात नाना पाय धरत येतोय का न्हाय बगा."

उचलली. चार दिस काय, काढू म्हटलं.

शबाना म्हणली, "आमच्यात भंडारा न्हाय. माझा शब्द घ्या."

"शब्दाला काय वजन?" बंडूदादा म्हणला. लोक हसली. 

मग सगळ्यांनी नेटचं डबं पोत्यात भरून नानाच्या टेबलावर वतलं. फोटो काढला. फोटोत मी हाय, शौर्या काखेत. त्यो पोत्याकडं बघतोय.

१४ फेब्रु.

पाच दिस झालं. नाना आला न्हाय.

गल्लीत मोबाईलला रेंजची कांडी एकच. गच्चीवर टाकीपाशी दोन येत्यात. आज तिथं क्लासला बसवला. मॅडम दिसल्या. पण वारं. मशीनला वाऱ्याचाच आवाज आधी जातोय म्हणं. पोरगं हातानं मशीन झाकून घेतंय. मॅडम म्हणल्या, "ताई, घरात बसा ना. हे असं नको, त्रास होतोय त्याला."

नेट न्हाय म्हटलं. भंडाऱ्याचं काय सांगायचं त्यास्नी.

२० फेब्रु.

पुढची पानं चाळली. जानेवारीत: पाई (पाणी), बाबा, भू भू, दे, आलं. मॅडमनी दे-वर चांदणी काढाय लावलीती.

ह्या हप्त्यात: आलं. बाबा एकदाच.

पाण्याला परत बोट दावाय लागलाय. मी मुद्दाम दिलं न्हाय, म्हटलं बोल, पाणी बोल. रडला. घशाकडं बोट दावून रडला. दिलं मग.

मी घेतो की शिकवून दिसभर. मॅडमसारखं हुत न्हाय. त्या एक शब्द किती तऱ्हेनं म्हणत्यात. मी सातवी.

२६ फेब्रु.

तालमीत मोठा पडदा लागलाय. फुटबॉलच्या मॅचा. नानाच्या तारंवर. पोरं शिट्ट्या मारत्यात.

मी बंडूदादाला वाटंत गाठलं. दादा, भंडारा उचललाय न्हवं?

"वैनी, तालीम काय कुणाचं घर हाय का? शपथ घरातल्या नेटची. तालीम म्हंजे देवाचं काम."

मारुतीच्या फोटोखाली मॅच बघत बसत्यात. देवाचंच काम.

३ मार्च

हे आलं सुट्टीला. इचलकरंजीत माग चालवत्यात, तिथंच ऱ्हात्यात. मी जेवाय वाढताना इषय काढला. सगळी फिराय लागल्यात, आपुन कुठवर.

हातातला घास खाली ठेवला ह्यांनी. "माझं हात दिसभर मागात असत्यात. धोटा डोळ्याम्होरनं जातोय. माझ्यावर वाटोळं आलं तर?"

आत्ती आतनं म्हणल्या, "मामंजींचं इसरलीस?"

इसरलो न्हाय. लग्न झाल्यापास्नं ऐकतोय. दूध संस्थेच्या मतदानाला मामंजींनी भंडारा उचलला, रात्रीत दुसऱ्या पार्टीत गेलं. वर्स फिरायच्या आत ट्रॅक्टरखाली. जोडलं कुणी? लोकांनी जोडलं. मीबी जोडतो. भ्या वाटतंय तर काय करू.

म्हटलं, शौर्याला माझ्या दादाकडं पेठ वडगावला ठेवू का थोडं दिस? दादाकडं दुसऱ्या कंपनीचं नेट हाय.

ताट सरकवून उठलं.

ऑपरेशन करा म्हणून दादाच मागं लागलाता. हे म्हणलंतं पोराच्या डोक्याला भोक पाडायचं न्हाय. तवापास्नं बोलणं बंद. माझ्या मोबाईलमधनं नंबरबी काढून टाकलाय. पाठ हाय मला. पण लावला आन ह्यांनी बघितलं तर. मागं एकदा बघितलंतं. नगं ते.

८ मार्च

समोरच्या मावशींच्या दारावर डबा. हिरवा दिवा चालू. मी बघितलं तसं त्यांनी पडदा वडला. मग आपणच सांगाय आल्या. "माझ्या नावावर न्हाय बया. सुनंच्या नावावर घेतलंय. ती तवा माहेरी हुती, तिनं कुठं उचललीया चिमूट."

कोपऱ्यावरचं काका म्हणत्यात, "मी हात लावला फकस्त. उचलली न्हाय."

एकजण म्हणला त्यो भंडाराच न्हवता, दुकानातली हळद हुती.

देव काय येडा हाय? का मीच येडी?

आन लिमिट तशीच हाय. जे परत गेलं त्यास्नी नानानं वरनं आणखी हसून दिलं म्हणं. बंडूदादाच्या घरात मातूर लिमिट न्हाय. नानाच्या गाडीवर बंडूदादाचा फोटो लागलाय आज.

११ मार्च

शबाना आली. दारातच उभी ऱ्हायली, आत ये म्हटलं तरी येईना.

"मी नेट घ्यायलोय परत. गिऱ्हाईक चाललंय हातचं. शब्द दिलता, मोडतोय. पण तुझ्या तोंडावर सांगून मोडतोय, सुनंच्या नावावर न्हाय."

मला रडू आलं. तिला वाटलं रागानं. न्हाय ग. गल्लीत तुझ्याच शब्दाला वजन निघालं.

म्हणली, "शौर्याला माझ्यात आणून बसव क्लासला. शिलाई बंद ठेवतो, आवाज नको."

दुसऱ्याच्यातबी वापरणार न्हाय म्हणून बोललोय मी. तोंडानं बोललोय, सगळ्यांम्होरं. कशी बसवू.

ती गेल्यावर आत्ती म्हणल्या, "तिला काय. तिचं कुठं वाटोळं हुणार हाय."

१५ मार्च

मॅडमचा फोन. रागवल्या न्हाईत, तेच वाईट. "ताई, माझ्याकडे मुलं थांबली आहेत. पुढच्या शुक्रवारी तो नीट दिसला नाही तर त्याची वेळ मला दुसऱ्याला द्यावी लागेल. मला आवडत नाही असं करायला."

शौर्या बाजूलाच खेळत हुता. मॅडमचा आवाज स्पीकरवर. त्यानं वळून बघितलं न्हाय.

आधी वळायचा.

१७ मार्च

जोतिबाला गेलतो, शौर्याला घिऊन. आत्तींना म्हटलं पोराला दर्शन. खरं म्हंजे सोडवून घ्याय गेलतो. देवाम्होरं सांगायचं आन शपथ परत करायची, एवढंच.

गुरवांना इचारलं. म्हणलं, "भंडारा उचललासा? मग इथं काय? आमच्याकडं गुलाल. जिथला भंडारा तिथं जावा."

हितलं काम हितं हुत न्हाय, त्या खिडकीला जावा. नानाच्या हापिसातबी असंच म्हणत्यात.

भंडारा कुठला ते बंडूदादालाच ठावं. का खरंच दुकानातली हळद.

पायरीवर बसलो. गुलाल इकणारी म्हातारी बघत हुती. तिला सगळं सांगितलं, वळख ना पाळख. तंबाखू थुकून म्हणली, "देव काय त्या केबलवाल्याचा एजंट हाय व्हय ग? पोराचा कान बंद ऱ्हावा म्हणून बसलाय वर?"

मग माझं सासरं कसं गेलं, म्हटलं.

"टॅक्टरनं," म्हणली.

एस्टीत बसल्यावर हसू आलं. मग परत भ्या वाटलं. म्हातारीचं काय जातंय बोलाय.

शौर्यानं उतरताना कायतरी आवाज काढला. पा का बा कळलं न्हाय. लिवून ठेवतोय.

१९ मार्च

आत्तींना इचारलं शेवटचं. पोराची वेळ चालली, काय करू.

"माझं पोरगं मागावर हाय," म्हणल्या. "तुझं ऐकायचं, माझं जगायचं. आई तूबी हायस, मीबी."

 त्यांचंबी भ्या खरंच हाय. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार

उद्या क्लास. ठरवलंय. 

सकाळी नानाकडं जाणार. डबा माझ्या नावावर घेणार. ह्यांच्या न्हाय, आत्तींच्या न्हाय. माझं आधार पिशवीत घातलंय. त्योच नाना, तीच तार, तीच लिमिट, कायबी उठलेलं न्हाय. एवढी शपथ मोडून तेच मोजून मापून नेट घ्यायचं. नाना हसंल. हसू दे. पासवर्ड ह्या खेपेला कुणाला न्हाय. कोण वाटी घिऊन आलं तरी न्हाय.

देवाला सांगून झालं. घरातल्या डबीतनं भंडारा घेतला, मुठीत धरला, आन मोठ्यानं म्हटलं: चिमूट मी उचललीती, मोडणारबी मी. ह्यांचं हात बाजूला ठेव. पोराला तर ह्यातलं कायबी ऐकूबी आलं न्हवतं. जे काय असंल ते माझ्यावर टाक. चालतंय का असं ठावं न्हाय. इचारायचं कुणाला. सगळ्यांनी आपापली पळवाट काढली, माझी ही.

आत्ती दारात हुत्या का न्हवत्या कळलं न्हाय. ऐकलं असंल तर ह्यांना फोन गेला असंल. हे आलं तर काय करत्यात त्याचंबी भ्या हाय. देवापरीस जास्त, खरं सांगायचं तर.

वही शौर्याच्या पिशवीत ठेवतोय, मशीनच्या बॅटऱ्यांबरोबर. पोराजवळ जे कोण असंल ते उघडंलच. मॅडम असाल, शबाना असशील, कोणबी असा. मला काय झालं असलं-नसलं तरी माझ्या दादाला फोन लावा. नंबर पहिल्या पानावर, बॅटरीच्या दुकानाच्या नंबराखाली लिवलाय. पेठ वडगावच्या बाजारात कांद्या-बटाट्याचं दुकान हाय त्याचं. मी लावला असता, पण धाडस न्हाय. घरातल्यांना लावा म्हणू नका, ती लावणार न्हाईत. शपथंचं त्याला सांगू नका, त्यो शिव्या देईल. नुसतं ये म्हणा, शौर्याचा क्लास मंगळवारी आन शुक्रवारी असतोय म्हणा.

आन त्यो येईपतूर पोराला हाक मारायची ती डाव्या बाजूनं. उजवीकडनं मारली तर त्याला वाटतंय कुणीच न्हाय.