धूसर फोटोच खरा धरावा

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हरवलेल्या व्यक्तींचा शोध विभाग,
शहर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या वडिलांचा शोध पुन्हा सुरू करणे व माझ्या घरी आणून दिलेले गृहस्थ कोणाचे आहेत याचा तपास करणे याबाबत.

संदर्भ : (१) आपल्या फलकावरील ‘नागरिकांसाठी उपयुक्त मोफत संकेतस्थळे’ ही सूचना.
(२) ‘वडील मिळाले, प्रकरण बंद’ हा आपल्या कार्यालयाचा शेरा.

महोदय,

खाली सही करणारी मी, बाजारातल्या जुन्या घड्याळजींची धाकटी मुलगी, आपणांस पुन्हा त्रास देत आहे, त्याची आधी क्षमा मागते. माझे वडील विस्मरणाच्या आजाराने गेल्या महिन्यात भरदुपारी, दार उघडे राहिले तेवढ्यात, घराबाहेर पडले. ते अद्याप सापडलेले नाहीत. आपल्या दप्तरी मात्र ते सापडलेले आहेत. एवढ्याचसाठी हा अर्ज.

१. तक्रार देताना मी वडिलांचा घरात असलेला एकुलता एक फोटो सादर केला. तो धूसर आहे, कारण वडील फोटोला कधी स्थिर बसलेच नाहीत. खिडकीवरील लेखनिकांनी तो परत केला व फलकाकडे बोट दाखवून, “ताई, सगळं फुकट आहे. फोटो टाकायचा, बटण दाबायचं, चेहरा लख्ख,” असे समजावले. त्याप्रमाणे मी शेजारच्या शिंपीणबाईंच्या संगणकावर बसले. फाइल लहान करणाऱ्या संकेतस्थळाने फाइल लहान केली, पोस्टर करणाऱ्याने सुबक पोस्टर केले. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. हा अर्जही तशाच एका फुकट संकेतस्थळावर टंकलिखित केला आहे.

२. फोटो स्पष्ट करणाऱ्या संकेतस्थळाने मात्र चेहरा स्पष्ट केला नाही, नवा केला. भुवईवरचा खोकेचा व्रण भरून काढला, पडलेले दात बसवले, जन्मभर डोळ्याला भिंग लावून पडलेली वळी पुसून टाकली. मला वाटले, आजारपणाआधी बाबा असेच दिसत असतील. शिंपीणबाईही म्हणाल्या, “किती शांत दिसतायत बघा.” शांत दिसत होते, तिथेच मला शंका यायला हवी होती.

३. पोस्टर लागल्यावर आपल्या हवालदारांना बसस्थानकावर पोस्टरशी तंतोतंत जुळणारे एक गृहस्थ आढळले. त्यांनाही विस्मरण आहे. “ही तुमची मुलगी का?” असे विचारल्यावर ते हो म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणतात. हवालदार त्यांना घेऊन आले तेव्हा माझे सकाळचे मौन चालू होते. प्रार्थना पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. आई गेल्यापासूनचे हे व्रत आहे. मी हातांनी नको नको अशा खुणा केल्या, मान हलवली, माझ्या डोळ्यांना पाणी आले, ते पाहून हवालदारांनीही डोळे पुसले. पोचपावतीवर ‘कन्येस आनंदाने शब्द फुटेना, हरकत नाही’ असे लिहून ते निघून गेले. मौन म्हणजे संमती असे लोक म्हणतात. माझे मौन देवासाठी होते, पावतीसाठी नव्हते. पुन्हा अडचण नको म्हणून मी त्याची वेळ आता पहाटेची करून घेतली आहे.

४. प्रार्थना आटोपताच गृहस्थांना धुतलेला सदरा घालून, त्यांना सोबत घेऊन मी कार्यालयात धाव घेतली. तिथे संगणकाने सांगितले की गृहस्थ व पोस्टर जुळतात. माझा मूळ फोटो पोस्टरशी जुळत नाही, सबब तो माझ्या वडिलांचा असल्याचे सिद्ध होत नाही. वडिलांच्या पाठीवर भाजल्याचा मोठा डाग आहे आणि या गृहस्थांच्या नाही, हे सदरा बदलताना मी पाहिले आहे, असे मी सांगितले. “पाठ पोस्टरवर नाही,” असे उत्तर मिळाले. मग फुकट व्हिडिओ कॉलवर माझ्या परगावच्या थोरल्या भावाला गृहस्थ दाखवण्यात आले. “बाबा सुधारले की गं,” असे तो म्हणाला. त्याला घरी येऊन बरीच वर्षे झाली. त्याचे म्हणणे आपण नोंदवून घेतले; माझे घेतलेले नाही.

५. मूळ फोटो स्पष्ट करून पुन्हा आणावा, असे मला सांगण्यात आले. केला; पडद्यावर पुन्हा तेच गृहस्थ आले. फलकावरच्या दुसऱ्या संकेतस्थळाने वडिलांना चष्मा लावला, तिसऱ्याने मिशी दिली. हे दोन्ही चेहरे मी सोबत जोडलेले नाहीत. जोडले तर तेही कुठेतरी सापडतील व माझ्या दारी आणून सोडले जातील, अशी भीती वाटते. घरात खोल्या दोनच आहेत.

६. शेजारीपाजारी म्हणतात, एक म्हातारा गेला, एक आला, देवानेच जुळवून आणले समजा. देवाला मध्ये घालून सुटका करून घेण्याची मला सवय नाही. आज खोटे बोलणार नाही, असे म्हणून मी दिवस सुरू करते आणि दिवसभर कागदोपत्री एका परक्याची मुलगी असते. गृहस्थ स्वभावाने गरीब आहेत. ताट पुढे ठेवले की आधी, “तिनं खाल्लं का?” म्हणून विचारतात. ती कोण, हे त्यांना सांगता येत नाही. काल त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितले, “तुम्ही चांगल्या आहात हो, पण आता उशीर झाला. आमच्याकडे वाट बघत असतील.”

तरी विनंती की, वडिलांचे प्रकरण पुन्हा उघडून त्यांचा धूसर फोटो आहे तसाच लावावा. ज्याने त्यांना पाहिले आहे, तो त्यातूनही ओळखेल. गृहस्थांचा फोटो शिंपीणबाईंनी दिवसाउजेडी काढला आहे, तो कोणत्याही संकेतस्थळातून गेलेला नाही; त्याचे वेगळे पोस्टर आजच लावावे.

चूक ठरल्यास गृहस्थांना परत ताब्यात घेऊन आश्रयगृहात पाठवावे लागेल, असे लेखनिक म्हणाले. कृपया तसे करू नये. त्यांची माणसे येईपर्यंत ते माझ्याकडे राहतील. माझे वडीलही या घडीला कोणाच्या तरी दारात बसले असतील, आणि त्यांना तिथून कोणी उठवू नये, यापलीकडे आज मला काही मागता येत नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
घड्याळजींची धाकटी मुलगी
दिनांक : ९ जुलै

सोबत :
१. वडिलांचा मूळ फोटो, धूसर.
२. गृहस्थांचा फोटो. नाव माहीत नाही.
३. पोचपावतीची प्रत. माझ्या सहीची जागा कोरी आहे.