मामाचा सुजलेला गाल

आसेगाव, ता. ४ मे १९५६

चि. सौ. गोजराबाईस भगवंतरावचा आशीर्वाद वि. वि.

तुहं कार्ड भेटलं. आवडीच्या लग्नाची तयारी जोरात हाय, आयकून लय बरं वाटलं. इकडं मळ्यात वांगे मस्त निघून राह्यले, आन् माहा डावा गालबी वांग्यावानीच फुगला. दाढ ठनकते. तुही वहिनी दवाखाना-दवाखाना करून राह्यली. म्या बिबा लावला गालाले. दोन दिवसात उतरते. तू उगी कालवा करू नोको. वीस तारखेले मामाच भाचीले उचलून बोहल्यावर आनीन, हे पक्कं.

घरच्यांना रामराम. लोभ हायच, वाढवजो.

भगवंतराव

जऊळका, ता. ९ मे १९५६

ती. दादास गोजराचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

वहिनीचा सांगावा आला. बिब्यानं गाल उतला, डोया बंद झाला, आंगात ताप हाय म्हने. दादा, सुजलेल्या गालाले कोनी बिबा लावते काय रे? असा कसा येशीन तू? घरचे म्हनतात, मामा नसंन त पोरीले काका आनीन. हे आयकलं तवापासून आवडीनं जेवन सोडलं. म्हनते, मामा नाई त मी बोहल्यावर चढत नाई. आन् मामा गाल लपवून घरी बसला त मीबी तोंडाले फडकं बांधून घरीच बसीन. पोट्टी तुह्याच वळनाची. तुले माही आन, वाशीमले दवाखान्यात जाय.

जास्त काय लिहू? बहिनीवर जीव ठेवजो.

तुही गोजरा

आसेगाव, ता. १६ मे १९५६

चि. सौ. गोजराबाईस आशीर्वाद.

पोट्टीचं फडकं वाचून असा राग आला, त्याच रागात मोटरीत बसलो. वाशीमच्या डाक्तरनं सुई टोचली, दाढ उपटली, पू काढला. म्हने, बुवा, आनखी उशीर करता त सूज गळ्यात उतरती. आज गाल बसला, डोया उघडला! दुधात भाकर कुस्करून दोन वाट्या हानल्या. तुही वहिनी आरसा घेऊन मांगं-मांगं फिरून राह्यली, जसा मीच नवरदेव. बिब्याचा काया डाग तेवढा राह्यला. कोनी पुसलं त सांगजो, नवरीची नजर मामानं आपल्या गालावर घेतली.

शुक्रवारच्या गाडीनं येतो. टेशनावर गर्दी धाडू नोको. काकाले म्हन, बाजूले सरक. लोभ हाय तसा राहू दे, आन् आवडीले आजच्या आज पोटभर जेवाले घाल. उपाशी पोट्टी उचलली त मामाची ताकत वऱ्हाड्याईले कशी दिसन?

तुहा दादा
भगवंतराव