रविवारी पांढुर्णा बँड

२४ जानेवारी २०२६, शनिवार

आधी तब्येती. माझ्या लेकाचं, विनोदचं बीपी गोळीनं ताब्यात आहे, जीभ नाही. सून अमिताची कंबर थंडीनं धरली होती, काल शेकून दिली, आज उठून बसली. नात धनश्रीचा घसा बसला — नेमका आताच! ज्येष्ठमध चघळायला लावलं. शेजारचे पुंडलिकराव भाऊजी मोतीबिंदू काढून आले, काळा चष्मा लावून दुकानात बसून राहिले, सिनेमातले वाटतात. माझे गुडघे दुखून राहिले, म्हणजे जागेवर आहेत.

आता खरं दुखणं. धनश्रीला नागपूरच्या संगीत कॉलेजात जायचं आहे. पाच तारखेला गिटार घेऊन परीक्षेला या म्हणतात, सोबत फॉर्म, त्यावर वडिलांची सही. विनोद सही करत नाही.

"डिसेंबरात सौंसरले काय झालं, आई? लोकं 'डीजे लाव, डीजे' ओरडले, अन् हे अर्ध्या गाण्यातून रडत स्टेजवरून उतरली. आपल्या गावात पन्नास माणसं ऐकाले आली तं करतो सही. नाई तं गुपचूप बी.एड."

शाळेत मास्तर आहे ना, घरातही पासाचे मार्क ठरवतो!

कार्यक्रमाला मैदान मागितलं, मिळालं नाही. पोरगी तोंड पाडून बसली. माझ्या तोंडून निघून गेलं — गच्ची आहे ना! लंडनचे ते चौघे बँडवाले काय मैदानात वाजवायला गेले होते? १९६९, जानेवारीची तीस तारीख. आपल्याच ऑफिसच्या गच्चीवर चढले, थंडीत बोटं आखडली, बेचाळीस मिनिटं वाजवलं. खाली रस्त्यात लोक माना वर करून उभे. शेवटी पोलीस आले. त्यानंतर चौघं मिळून लोकांसमोर कधी वाजवलं नाही.

धनश्रीचे डोळे चमकले. विनोद म्हणे, "लंडनच्या गच्चीखाली आपला बाजाररस्ता नव्हता. इथं ठेले, मिनीट्रक, रसवंतीचे घुंगरू. या गलक्यात इचं कोण ऐकीन?"

रविवार एक तारीख ठरली.

२६ जानेवारी

झेंडावंदनाची जिलेबी खाल्ली. धनश्रीला दिली नाही, घसा.

ती विचारत होती, "आजी, तुले हे सगळं कसं ठाऊक?" हे गेले तेव्हा विनोद सहा वर्षांचा, पदरात कॅसेटचं दुकान. मी चौथी शिकलेली. कॅसेटच्या पुठ्ठ्यावरची अक्षरं जोडून जोडून इंग्रजी वाचायला लागली. एक रेल्वेतले साहेब विलायती कॅसेट भरून न्यायचे, जुनी मासिकं ठेवून जायचे. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान आठ-आठ दिवस वाचलं. कोणी कधी कुठं वाजवलं, एका वहीत उतरवत गेली. ती वही अजून आहे.

आज तिला १९६५चं वाचून दाखवलं. अमेरिकेत तो कुरळ्या केसांचा, साध्या गिटारीवर गाणारा. एके दिवशी वायरीची, विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला तर लोकांनी हुर्यो केली! शेवटी साधी गिटार घेऊन परत आला, गायला. अन् पुढं वायरीची सोडली का? नाही सोडली.

"सौंसरले माह्यी हुर्यो झाली, मी तं उतरून गेली," म्हणे.

"तो बी उतरलाच होता ना व. परत चढला, एवढंच."

बोलून तर गेली. परत चढली अन् परत तसंच झालं तर? 

२८ जानेवारी

तालीम ऐकली. धनश्री गाते अन् गिटार, हेमराज जाड तारांची गिटार, दिपाली ड्रम. तिघांनी नाव ठेवलं — पांढुर्णा बँड. दिपाली ड्रम असा बडवते की माझी बरणीतली लोणच्याची फोड हलते.

निरोप पाठवायचं काम मी मागून घेतलं. कॅसेटवर नावं लिहिणारा हात आहे माझा! मोबाईलमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आजकाल सगळे तसंच लिहितात. RAVIVARI PANDHURNA BAND. DUPARI 4 PASUN. SAGLYANNI SATH DYA. मग दुसऱ्या निरोपात घराचा पत्ता. भजन मंडळ, महिला मंडळ, व्यापाऱ्यांचा ग्रुप, सौंसरची बहीण, रामाकोन्याचे व्याही — सगळ्यांना टाकलं.

तासाभरात पंचवीस जणांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. पन्नास होतील बाप्पा!

३० जानेवारी

आज तीच तारीख. गच्चीला सत्तावन्न वर्षं झाली.

गच्ची झाडली. टाकीजवळ दिपालीचे ड्रम. पन्नास माणसं बसतील का? स्लॅब झेपेल का? अन् पाचच आली तर? हा एक विचार जेवू देत नाही.

संध्याकाळी विनोदला फोन आला. "हो काका... हो. हो." एवढंच बोलला, चपला घातल्या अन् बाजाराकडे गेला. कुठं जाऊन राहिला म्हणून विचारलं तर "आलोच."

३१ जानेवारी

अमिता भाजी घेऊन आली, दोन दिवसांची. "आई, उद्या बंद आहे म्हणते. सारं पांढुर्णा बंद."

 उद्याच? कोणाला सुचलं हे? कोणत्या पक्षाचं, कशासाठी — कोणालाच ठाऊक नाही. "पक्कं आहे म्हणते," एवढंच जो तो सांगून राहिला. बंदच्या दिवशी कोण घराबाहेर निघतं? रामाकोन्याच्या व्याह्यांचाही फोन — "बंद आहे तं आम्ही येत नाई."

ज्यानं हा बंद पुकारला त्याच्या नावानं मी दिवसभर बोटं मोडली.

धनश्रीनं गिटार मांडीवर घेतली. तारा पुसत बसली.

१ फेब्रुवारी, सकाळ



नऊ वाजता हवालदार दारात. "माताजी, ये बंद आपने बुलाया?"

"मी? अवो दादा, मीच त्याले शोधून राहिली!"

त्यानं मोबाईल पुढं केला. RAVIVARI PANDHURNA BAND. माझाच निरोप! तीनशे लोकांनी पुढं ढकललेला. पत्त्याचा दुसरा निरोप कोणीच पुढं पाठवला नाही.

मी म्हटलं, "ये तो बँड है. गाना-बजाना."

तो म्हणे, "माताजी, सबने तो बंद पढ़ा."

कॅसेटवर बँड असाच लिहितात! चाळीस वर्षं तोच शब्द उतरवला मी. अन् मोबाईलवर हेच गाव 'बंद'सुद्धा तसाच लिहितं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वर लिहिलं काय, तर सगळ्यांनी साथ द्या!

हवालदार आधी डोकं धरून बसला, मग हसत सुटला. "अब तो हो गया बंद. शांति से बजा लो."

तो हसला. मला रडू आलं. पोरीचं नागपूर मी माझ्या हातानं बुडवलं.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

चार वाजता गच्चीवर अकरा माणसं. त्यात घरचे चार, अन् हवालदार.

विनोद जिन्याच्या वरच्या पायरीवर, हाताची घडी घालून. मी त्याच्याकडे पाहू शकली नाही.

धनश्रीनं पहिली तार छेडली. अन् — कसं सांगू! रस्त्यावर एक हॉर्न नाही. रसवंती बंद, चक्की बंद, ठेले बंद. आवाज सरळ निघाला, थेट जाम नदीच्या पुलापर्यंत गेला म्हणतात. घरात बसून कंटाळलेलं सारं गाव एकेक करून आपापल्या गच्चीवर चढलं. कोणी चहाचा कप घेऊन, कोणी वाळत घातलेल्या पापडांमधून. कोणीतरी ओरडलं, "डीजे—" तर पलीकडच्या गच्चीवरून एक बाई म्हणे, "चूप बे! ऐकू दे!"

बसलेल्या घशानं गायली. मध्ये आवाज फाटला, थांबली.  आता उतरते! नाही उतरली. पाणी प्यायली, तीच ओळ परत धरली.

बेचाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून बसली होती.

२ फेब्रुवारी

दूधवाल्यानं विचारलं, परत कधी बंद आहे?

पण विनोदनं सहीचं नाव काढलं नाही. जेवताना मीच म्हटलं, गच्च्या मोज, पाचशेच्या वर माणसं होती. तर म्हणे, "आली किती? अकरा." अन् ताक मागितलं. धनश्री पानावरून उठली.

तीन दिवस उरले. फॉर्म विनोदच्या कपाटात, किल्ली त्याच्या जानव्याला.

३ फेब्रुवारी

पुंडलिकरावांकडे माफी मागायला गेली. माझ्यामुळे बाजार बुडाला.

ते काळ्या चष्म्यातून म्हणे, "तुमची कायची चूक, वहिनी? मले काही दिसत नाई सध्या. पोरानं वाचून दाखवलं, बंद आहे म्हणून. नंबर तुमचा, म्हणून शुक्रवारी मी विनोदले फोन केला — बंद आहे का बँड? तो म्हणे, हो काका, बंदच. मग स्वतः दुकानादुकानात सांगत फिरला."

घरी कशी आली ठाऊक नाही. पोटच्या लेकानं! लोक येऊ नयेत म्हणून? पोरीला हरवायला बापानं गाव बंद केलं?

आज त्याच्याशी बोलली नाही. पोळी वाढली, पण बोलली नाही.

४ फेब्रुवारी

विनोदनं सकाळी धनश्रीच्या हातात फॉर्म दिला अन् शाळेत निघून गेला. सही आहे. सहीखाली त्याच्याच मास्तरी अक्षरात तारीख — ३० जानेवारी. शुक्रवार.

'या गलक्यात इचं कोण ऐकीन?' म्हणून गलकाच बंद करत फिरला माझा लेक!

त्याच्या ताटात पुरण वाढणार आहे आज, बीपी गेलं खड्ड्यात. अन् धनश्रीच्या गिटारीच्या खोळीत चिठ्ठी ठेवली: पोचली की लवकर लिहिजो व बाई. देवनागरीत!