दोन किआनिना बैल आणि एक ड्रायव्हिंग स्कूल

११ ऑगस्ट
सासरे अंजिराच्या झाडावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. या वयात झाडावर चढायची गरजच काय होती, असं विचारणार होतो, पण बायकोचा, इल्वाचा, चेहरा बघून विचारलं नाही. कितीही झालं तरी तिचे वडील.

आता पंचाईत अशी की ८ सप्टेंबरला मरियामातेच्या मिरवणुकीचा गाडा कोण हाकणार? दरवर्षी सासरे, म्हणजे ओलिंतोच, हाकतात. अख्ख्या खोऱ्यात जू ओढणारी किआनिना जातीच्या बैलांची ही त्यांची एकच जोडी उरली आहे. बाकीची किआनिना जनावरं थेट ताटात जातात.

मेहुणा दुइलियो हॉस्पिटलातच म्हणाला की हाकणारा नसेल तर गाड्याला ट्रॅक्टर लावू आणि जोडी खाटकाला देऊ, नुसत्या उभ्या जनावरांना मी कुठवर पोसू? गोठा त्याचा, चारा त्याचा. ओलिंतोंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रडायला लागले. मला बघवेना. मी म्हणून गेलो, मी हाकतो.

म्हटलं ते योग्यच म्हटलं. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. चालवणं ते चालवणं.

१२ ऑगस्ट
बारमध्ये जाहीर करून टाकलं, म्हणजे मागे हटायची सोय नको. सगळे हसले. बारवाला म्हणाला, अरे फोस्को, तू तर शेजारचा कोंबडा दिसला की फुटपाथ बदलतोस. तो कोंबडा चावरा आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही.

संकल्प: रोज सकाळी गोठ्यात जाणे. बैलांशी ओळख वाढवणे.

१३ ऑगस्ट
गेलो. दारातूनच ओळख करून घेतली. देवा रे! आधी वाटलं, समोर पांढरी भिंत आहे. मग भिंतीने मान वळवली. माझं डोकं त्यांच्या खांद्यालाही पोचत नाही. एकाचं नाव जेन्तिले, म्हणजे प्रेमळ. दुसरा गार्बातो, म्हणजे सभ्य. बारशाच्या दिवशी कुणी नीट बघितलेलं दिसत नाही.

गार्बातो माझ्याकडे एकटक बघतो. रवंथ थांबवून बघतो. घरी जवळजवळ धावतच आलो. ऊन फार आहे.

१५ ऑगस्ट
मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी. बैलांनाही सुट्टी हवीच.

१८ ऑगस्ट
गेले दोन दिवस गेलो नाही, त्याला कारण आहे. थिअरी झाल्याशिवाय मी कुणालाही स्टिअरिंगला हात लावू देत नाही. तोच नियम स्वतःला. आज थिअरी केली. ब्रेक: नाही. क्लच: नाही. आरसे: नाहीत. रिव्हर्स: आहे, पण त्यांच्या मर्जीने. इन्शुरन्सवाल्याला फोन केला. तो बराच वेळ हसत होता.

२२ ऑगस्ट
ओलिंतोंना भेटलो. प्रॅक्टिकलची माहिती घेतली. म्हणाले, सोपं आहे रे, कासरा हातात धरायचा, डावीकडून, अगदी गार्बातोच्या गालाजवळून चालायचं आणि त्यांच्याशी बोलत राहायचं. मी विचारलं, काय बोलायचं? म्हणाले, काहीही बोल, हवापाणी, बायकोच्या तक्रारी, त्यांना सगळं चालतं. मग बाजूंबद्दलही काहीतरी सांगत होते, पण मी ‘गालाजवळून’ या शब्दावरच अडकलो होतो.

निघताना माझा हात धरला. म्हणाले, जावईबापू, आजवर तुला नुसता कागदी माणूस समजत आलो, माफ कर.

इल्वाने लसूण घालून पिची, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, केल्या होत्या. मी एकेक शेवई मोजत बसलो.

२७ ऑगस्ट
गोठ्यात खाटीक आला होता. गार्बातोच्या मांडीवर तळहात दाबून दाबून बघत होता आणि वा वा म्हणत होता. दुइलियोने त्याला सांगितलं की आठ तारखेपर्यंत थांब, मेहुण्याचा तमाशा होऊन जाऊ दे. गार्बातो खाटकाकडे नाही, माझ्याकडेच बघत होता. इतके दिवस त्याची भीती वाटत होती, आज त्याच्यासाठी वाटली. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट.

उद्या त्याला हात लावणारच. शपथ.

२८ ऑगस्ट
हात लावला नाही. पाठ धरली आहे.

२ सप्टेंबर
आत गेलो! दाराच्या पूर्ण आत! जेन्तिले झोपला होता. मी त्याच्याशी हवापाण्याचं बोलत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी मानेवर गरम, ओला श्वास सोडला. मी बाहेर आलो. खिडकीतून.

इल्वा पॅन्ट शिवत होती. म्हटलं, मळ्यातल्या तारेत अडकली. तिने दोरा दाताने तोडला. म्हणाली, मी येऊ का तुझ्याबरोबर? म्हटलं, नको, गाडा पुरुषांनीच हाकायचा अशी पद्धत आहे. शिवाय शिकणाऱ्याच्या शेजारी घरचं माणूस बसलं की तो हमखास गाडी खांबावर घालतो, हा माझा अनुभव आहे. मी शिकणारा आहे असं नाही, एक उदाहरण म्हणून सांगितलं.

४ सप्टेंबर
उत्सव कमिटीने पोशाख पाठवला. मखमली कोट, तंग विजार, पिसाची टोपी. सगळं लालभडक! लाल बघून बैल भडकतात म्हणून निळा मागितला. कमिटीवाले म्हणाले, तुला बघून ते झोपतील, काळजी करू नकोस. खवचट मेले.

७ सप्टेंबर
मी घाबरलो आहे. लिहून टाकलं. पेनाने लिहिलंय, आता खोडताही येत नाही. गालाजवळून चालायचं म्हणजे ते शिंग माझ्या कानाशी येणार. आणि नाही चाललो तर परवापर्यंत गार्बातोचे तुकडे पडतील, आणि ओलिंतो पुन्हा भिंतीकडे तोंड करतील.

दुपारी एकदम युक्ती सुचली. गार्बातो डावीकडे असतो आणि मी डावीकडूनच चालणार. मग त्याला उजवीकडे जुंपायचं! माझ्या बाजूला जेन्तिले, जो निदान डोळे मिटून घेतो. इतकं साधं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? इंग्रज लोक उलट्या बाजूला बसतात म्हणून त्यांच्या गाड्या काय बंद पडतात?

८ सप्टेंबर, संध्याकाळ
वस्तुस्थिती लिहून ठेवतो, कारण गावात भलतंसलतं पसरतंय.

सकाळी दुइलियोने बैल जुंपले. मी दारातून सूचना देत होतो. गार्बातो उजवीकडे का, असं त्याने विचारलं. बॅलन्ससाठी, म्हटलं. त्यानेही याआधी जन्मात जू लावलेलं नव्हतं, त्याला पटलं. दुइलियोनेच गाडा चौकात आणला... म्हणजे आणवला. बैल येईनात म्हणून कमिटीची माणसं मागून ढकलत होती. मी म्हटलं, इंजिन थंड आहे.

चौकात बँड, बिशप, अख्खं गाव. गाड्यावर मरियामातेची मूर्ती. मी कासरा घेतला, लांबून. म्हटलं, चला. बैल ढिम्म हलेनात. मी हवापाण्याचं बोललो. ढिम्म. बँडने तीच धून पुन्हा वाजवली. दुइलियो ट्रॅक्टरची किल्ली बोटावर फिरवायला लागला.

तेवढ्यात इल्वाने ढकलत आणलेल्या व्हीलचेअरवरून ओलिंतो ओरडले, अरे गाढवा, बाजू उलटल्यास तू! आठ वर्षं गार्बातो डावीकडे चालतोय, उजवीकडे मेला तरी पाऊल टाकणार नाही! सोड त्यांना आणि फिरव!

म्हणजे दोघांच्या मध्ये शिरायचं. जू काढायचं. त्या शिंगांमध्ये. मला गाड्याच्या आसाचा आवाज संशयास्पद वाटला. म्हणून मी तपासायला गाड्याखाली गेलो. गाडा उभा होता हे मला मान्य आहे.

खालून फक्त पाय दिसत होते. इल्वाचे नवे बूट दिसले. व्हीलचेअर सोडून सरळ बैलांच्या मध्ये गेले. ती त्यांच्याशी बोलत होती, अगदी हळू. माझ्याच तक्रारी सांगत होती, मी ऐकलं. आठ मोठे पाय इकडचे तिकडे झाले. मग ती म्हणाली, चला रे बाळांनो.

आणि गाडा निघाला. माझ्या डोक्यावरून मरियामाता गेली, ऊन आलं, आणि मी भर चौकात, लाल मखमलीत, पोटावर पडलेला, दोन्ही हात डोक्यावर. बिशपांना वाटलं, भक्तीने लोटांगण घातलंय. त्यांनी मला आशीर्वाद दिला. बाकी कुणाला तसं वाटलं नाही.

१० सप्टेंबर
जोडी वाचली. मिरवणूक संपल्यावर दुइलियोने स्वतः गार्बातोला टरबूज चारलं आणि खाटकाला परत पाठवलं. ओलिंतो पुन्हा रडले, पण या वेळी लेकीकडे बघून. गाडा यापुढे इल्वाच हाकणार. पद्धत-बिद्धत कुणाला आठवलीच नाही. ती बारा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या शेतावर बैल हाकते म्हणे, कुणी विचारलं नाही म्हणून बोलली नाही. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू बाबांसाठी इतका घाबरत होतास, मला फार बरं वाटत होतं. मग माझ्या बुडावरची धूळ झटकल्यासारखं करून स्वयंपाकाला गेली.

कमिटीने मलाही जबाबदारीचं काम दिलं आहे. पुढच्या वर्षीपासून गाड्याच्या मागून चालायचं, फावडं आणि बादली घेऊन, शेण उचलत. पोशाख तोच. मी लगेच हो म्हटलं. मागे शिंगं नसतात.

फक्त मागचे पाय किती लांबपर्यंत पोचतात, ते ओलिंतोंना विचारायचं आहे. सहज.