अपेक्षित पगाराचा रकाना

क्वीन्सटाउन, सिंगापूर, रविवार

प्रिय इशू,

फोन सोडून बाबा कागदावर का उतरला, म्हणून तू आधी हसशील. हस. फोनवर तुझी आई शेजारी असते आणि माझं निम्मं बोलणं तीच पुरं करते. आज मला सगळं माझं मीच बोलायचंय. शिवाय पुण्याच्या त्या कंपनीला तुला शुक्रवारपर्यंत फॉर्म पाठवायचाय, म्हणून हे लिहून, फोटो काढून लगेच पाठवतोय.

आम्ही मजेत आहोत. तुझी आई मार्केटात भेंडीचा भाव मँडरिनमध्ये विचारते आणि उत्तर कळत नाही म्हणून हसत परत येते. तुझा दादा निमिष पहाटे जुरोंग आयलंडच्या बसने प्लँटवर जातो, संध्याकाळी येऊन फ्रिज रिकामा करतो. एवढा मोठा इंजिनिअर झाला, पण डबा अजून धुवत नाही.

ऑफिसात दोन महिने एकच काम होतं. आमची कंपनी पावणेदोनशे माणसांची, धड लहान नाही, धड मोठी नाही. बायकांच्या आणि पुरुषांच्या पगारात किती फरक आहे, हे जाहीर करायची आमच्यावर इथे सक्ती नाही; पण आमचं मुख्य ऑफिस सिडनीला, आणि तिथे ती आहे. त्यांनी ठरवलं, सिंगापूरनेही आकडा काढायचा आणि वेबसाइटवर टाकायचा. एचआर म्हणजे मी, तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडलं. वाटलं, दोन दिवसांत उरकेल. अठरा वर्षं मी लोकांचे पगार ठरवतोय, कुणावर अन्याय केल्याचं मला आठवत नव्हतं. छाती फुगवूनच बसलो होतो.

आकडा निघाला: पुरुषाला शंभर डॉलर, तर बाईला त्र्याऐंशी. आधी मी एक्सेलला दोष दिला. मग वरच्या जागांवर पुरुष जास्त आहेत, हे कारण काढलं. तेही खरंच होतं. पण एकाच पदावर, एकाच वर्षी घेतलेली माणसं शेजारी ठेवली, तरी फरक राहिलाच. शेवटी माझी सहकारी श्यू लिंग आणि मी जुने अर्ज उघडले. त्यात ‘अपेक्षित पगार’ असा रकाना असतो. पुरुषांनी तिथे आकडा लिहिला होता. बहुतेक बायकांनी लिहिलं होतं, ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’. कंपनीचा असा काही नियमच नाही गं! प्रत्येक पदाला एक खालची रक्कम असते आणि एक वरची. आकडा सांगणाऱ्याशी घासाघीस करत मी मधे कुठेतरी थांबायचो. न सांगणारीला खालची रक्कम द्यायचो, आणि कंपनीचे पैसे वाचवले म्हणून स्वतःवरच खूश व्हायचो. श्यू लिंगचाही अर्ज त्यातच निघाला. “मेन से नंबर, लेडीज से थँक यू लाह,” पुरुष आकडा सांगतात, बायका आभार मानतात, एवढंच म्हणाली ती आणि पुढचा अर्ज उघडला. अकरा वर्षं ती माझ्या समोरच्या टेबलावर बसते. मला फार लाज वाटली.

पण हे रडगाणं नाही. तो रकाना आम्ही काढून टाकला. आता जाहिरातीतच पगार देतो. एकतीस जणींचे पगार जुलैपासून वाढतायत, श्यू लिंगचाही. साहेबांनी कुरकुर केली, पण सही केली. परवा आकडा वेबसाइटवर गेला आणि कितीतरी दिवसांनी मी ऑफिसातून शीळ घालत निघालो.

त्याच संध्याकाळी जेवताना तुझी आई म्हणाली, इशूचा फॉर्म भरून झालाय, फक्त पाठवायचाय. माझ्या हातातला घास तसाच राहिला. निमिषच्या पहिल्या नोकरीच्या वेळी त्याला तासभर समोर बसवून मी शिकवलं होतं, मनातल्या आकड्यावर पंधरा टक्के चढव, तो बोल आणि गप्प बस. आणि गेल्या महिन्यात तू विचारलंस, बाबा, अपेक्षित पगारात काय लिहू? मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ लिही, मुलीने हावरट दिसू नये. दुसऱ्यांच्या मुलींचं नुकसान मी नकळत केलं म्हणू. स्वतःच्या मुलीला तर मी ते शिकवून पाठवत होतो. इशू, माझं चुकलं. ते शब्द खोड. तुझ्या मनात जो आकडा आहे, जो मला सांगायला तू लाजलीस, त्यावर पंधरा टक्के चढव आणि लिही. आणि पाठवण्याआधी मला विचारू नकोस.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला,
बाबा